कोर्स झाला, जागा कुठे आहे?

जानेवारी ते मार्च या काळात मानेसर आणि सोहना रोडवरच्या रिसॉर्टांमध्ये दोन प्रकारची गर्दी असते. शनिवार-रविवार लग्नं, आणि सोमवार ते शुक्रवार ‘लीडरशिप’. हॉल तोच, खुर्च्यांवरची सॅटिनची कव्हरं तीच, पनीरही बहुधा तेच. लग्नवाल्यांना मुहूर्त गाठायचा असतो, आम्हाला मार्चएंड. ट्रेनिंगसाठी राखून ठेवलेले पैसे ३१ मार्चपर्यंत संपले नाहीत, तर पुढच्या वर्षी तेवढी कात्री लागते. म्हणून जानेवारी उजाडला की गुडगावच्या काचेच्या इमारतींमधून ‘नॉमिनेशन पाठवा’ अशा मेलचा मारा सुरू होतो. कोणाला काय शिकायचंय, हा प्रश्न त्यात शेवटी येतो. कधी कधी येतच नाही.

मी मूळची अकोल्याची. लग्न झाल्यावर इकडे आले आणि वैशालीत स्थायिक झाले. गाझियाबादजवळची वैशाली, बिहारातली नव्हे, हे गावाकडे अजून समजावून सांगावं लागतं. नोकरीची बहुतेक वर्षं गुडगावात गेली. ब्लू लाइननं राजीव चौक, तिथून यलो लाइननं सिकंदरपूर, पुढे रॅपिड मेट्रो. खातं एचआर, त्यातही ‘एल अँड डी’, म्हणजे लर्निंग अँड डेव्हलपमेंट. लोकांच्या करिअरला आकार देणारे कार्यक्रम आखायचे, त्यांना माणसं पाठवायची आणि वर्षाअखेरीस स्लाइडवर हिरवे रकाने दाखवायचे, हे माझं काम. आता नोकरी सोडली असली तरी स्वतंत्रपणे तेच करते. माझं घर याच धंद्यावर चालतं, हे लक्षात ठेवूनच पुढचं वाचावं.

‘करिअर डेव्हलपमेंट प्रोग्रॅम’ हे नाव भारदस्त आहे. त्याच्या पोटात मात्र चार-पाचच गोष्टी असतात. तीन दिवसांचा निवासी कोर्स. वर्षभरासाठी नेमून दिलेला एखादा वरिष्ठ, त्याला ‘मेंटॉर’ म्हणायचं. सहा महिने दुसऱ्या खात्यात काम. एखाद्याची शनिवार-रविवारच्या एमबीएची निम्मी फी. आणि या सगळ्यांच्या वर एक यादी, ‘टॅलेंट पूल’ नावाची. शिकवणाऱ्यांची इथे वाण नाही. मॅनेजमेंट डेव्हलपमेंट इन्स्टिट्यूट १९७३ सालापासून आहे. १९८१ साली संगणकाच्या वर्गांनी सुरुवात करणारी एनआयआयटीही आता गुडगावचीच. शिवाय माझ्यासारखे फुटकळ, लॅपटॉप आणि रंगीत स्टिकी नोट्स घेऊन फिरणारे.

या कार्यक्रमांचे तोटे विचारले, तर कंपनीवाले दोन सांगतात: पैसा जातो आणि कामाचे तास जातात. दोन्ही खरे आहेत, पण त्यांचा हिशोब मांडता येतो, म्हणून ते सोपे. मला अवघड वाटतो तो तिसरा. कार्यक्रम माणसं तयार करतो, जागा तयार करत नाही. वेटिंगची तिकिटं सढळ हातानं वाटायची आणि डबा मात्र जोडायचा नाही, असा हा प्रकार आहे.

समजा, बाराशे माणसांची कंपनी आहे. टीम लीडच्या ऐंशी जागा, त्यांच्यावर मॅनेजरच्या पंधरा. वर्षाला मॅनेजरच्या तीन खुर्च्या रिकाम्या होतात. त्यातली एक बाहेरून भरली जाते, कारण नवीन आलेल्या व्हाइस प्रेसिडेंटला आपला माणूस आणायचा असतो. उरल्या दोन. आणि ‘उद्याचे नेते’ या कार्यक्रमाला आपण निवडले तीस. पहिलं वर्ष छान जातं. लोक फोटो टाकतात, नव्या वहीत मुद्दे काढतात. दुसऱ्या वर्षी विचारायला लागतात, ‘मॅडम, आमचं पुढे काय?’ तिसऱ्या वर्षी त्यातले निम्मे नोएडातल्या दुसऱ्या कंपनीत असतात, आणि तिथल्या मुलाखतीत आपल्याच कोर्सचं सर्टिफिकेट त्यांच्या उपयोगी पडलेलं असतं. ज्याला तू उद्याचा नेता आहेस असं सांगितलं, तो उद्या उजाडायची वाट बघणार तरी किती? जे जात नाहीत त्यांची मला जास्त काळजी वाटते. ते राहतात, हजेरी लावतात, आणि कुठल्याही नव्या उपक्रमाचं नाव निघालं की एकमेकांकडे बघून हसतात.

यादीत नाव नसलेल्यांचं काय होतं, यावर आमच्या खात्यात कधी चर्चा होत नाही. यादी ठरते ती ‘नाइन बॉक्स’वर: आडवी कामगिरी, उभी क्षमता, असा नऊ घरांचा तक्ता. गंमत अशी की याचं मूळ माणसांच्या मोजणीत नाहीच. १९७०च्या दशकात मॅकिन्झीनं जनरल इलेक्ट्रिकसाठी असा तक्ता तयार केला होता, कोणत्या धंद्यात पैसे घालायचे आणि कोणता विकून टाकायचा हे ठरवायला. नंतर एचआरनं त्यात माणसं बसवली. बंद खोलीत दोन-तीन तासांत शंभरेक नावं या घरांत टाकली जातात. पाचव्या घरात पडलेल्या मुलीला आपण पाचव्या घरात आहोत हे कोणी सांगत नाही. तिला फक्त एवढं जाणवतं, की चांगलं काम हल्ली आपल्याकडे येत नाही. रॉबर्ट रोझेंथाल आणि लेनोर जेकबसन यांनी १९६८ साली कॅलिफोर्नियातल्या एका शाळेतला प्रयोग प्रसिद्ध केला. काही मुलांची नावं चिठ्ठ्या टाकाव्या तशी निवडली आणि शिक्षकांना सांगितलं, ही मुलं यंदा चमकणार. वर्षाअखेरीस त्यातली काही, विशेषतः लहान वर्गातली, खरंच पुढे गेलेली दिसली. त्या आकड्यांवर पुढे बरीच टीका झाली. पण ऑफिसात बसून पाहिलेल्या माणसाला त्यातलं मर्म पटायला आकडे लागत नाहीत. यादीतल्या मुलाची चूक ‘शिकतोय’ ठरते, यादीबाहेरच्याची तीच चूक ‘अ‍ॅटिट्यूड’.

बरं, यादी सोडा. साध्या तीन दिवसांच्या कोर्सला तरी कोण जातं? मॅनेजर सहसा आपला सर्वांत कामाचा माणूस सोडत नाही. ‘इस को भेज दूँगा तो डिलिव्हरी कौन करेगा?’ हे वाक्य मी गुडगावात सगळ्या मजल्यांवर ऐकलंय. मग सीट भरायला पाठवला जातो तो, ज्याच्या नसण्यानं काही अडत नाही. दरवर्षी असे काही ठरलेले चेहरे दिसतात. आम्ही त्यांना आपसात ‘ट्रेनिंग टूरिस्ट’ म्हणायचो. त्यांच्याकडे सर्टिफिकेटांची फाइल जाडजूड असते आणि बुफेत जिलबी कुठे ठेवलीय हे त्यांना आधी कळतं.

आणि कोणाला जाता येत नाही? मुक्कामी कोर्स नीमराणाला किंवा दमदमा तलावाकडे ठेवला, की अंगावरचं मूल असलेली बाई आपोआप गळते. साताऱ्याकडची एक मुलगी आमच्याकडे होती, कामात तरबेज. नवऱ्याची नोकरी ग्रेटर नोएडात, सासू-सासरे गावी, सांभाळायला ठेवलेली बाई सहाला निघून जाणारी. ‘ताई, दिवसाचा असेल तर मी येतेच हो, मुक्कामाचं जमायचं नाही,’ असं ती दर वेळी सांगायची. तिच्या नावापुढे शेवटी शेरा पडला: महत्त्वाकांक्षा कमी. असा शेरा कोणी दुष्टपणानं लिहीत नाही. फॉर्ममध्ये ‘नकाराचं कारण’ असा रकाना नसतो, फक्त हजर की गैरहजर एवढंच असतं. त्या गैरहजेरीवरून पुढच्या वर्षी माणसाची किंमत ठरते.

कंत्राटी माणसांची तर यादीच नसते. त्यांच्या गळ्यातल्या आयकार्डची दोरी वेगळ्या रंगाची. काम तेच, शिफ्ट तीच, बस तीच. ट्रेनिंगची मेल मात्र त्यांना जात नाही, कारण कागदोपत्री ते दुसऱ्याच कुणाचे तरी कर्मचारी असतात. कारखान्यांत याची उलटी बाजू दिसते: तिथे ‘ट्रेनी’ हाच एक कायमचा हुद्दा होऊन बसतो. १९६१चा अ‍ॅप्रेंटिस कायदा वाचावा. कलम १८ म्हणतं, शिकाऊ उमेदवार हा कामगार नव्हे. कलम २२ म्हणतं, शिकवून झाल्यावर त्याला नोकरी द्यायची की नाही याचं धोरण मालकानं स्वतःच ठरवावं. कायदा करणाऱ्यांचा हेतू शिक्षण आणि मजुरी वेगळी ठेवण्याचा असेल. मशिनच्या पुढ्यात उभ्या असलेल्या मुलाला तो फरक पगाराच्या दिवशी कळतो.

आता बाँडकडे वळते, म्हणजे ‘ठरलेल्या मुदतीआधी नोकरी सोडली तर इतके पैसे भरीन’ या लेखी हमीकडे. शिकवलेला माणूस निघून जातो, या भीतीनं हे मूल जन्माला घातलंय. अर्थशास्त्रज्ञ गॅरी बेकर यांनी १९६४ साली ‘ह्यूमन कॅपिटल’ या पुस्तकात ही अडचण नेमकी मांडली होती. जे कौशल्य सगळीकडे चालतं, त्याचा खर्च मालक का करील? शिकून तो दुसरीकडे जास्त पगार घेणार. जे कौशल्य याच कारखान्यात चालतं, त्याचा खर्च मालक आनंदानं करतो. एक्सेल, इंग्रजी, लोकांशी वागणं, प्रोजेक्ट सांभाळणं हे सगळं पहिल्या प्रकारातलं. म्हणून शिकवायचं आणि दोरी बांधायची.

या दोरीचा आपल्याकडचा जुना आणि गाजलेला खटला कल्याणचा आहे. सेंच्युरी रेयॉननं टायर कॉर्ड बनवण्याचं तंत्र हॉलंड आणि पश्चिम जर्मनीतल्या कंपन्यांकडून विकत घेतलं होतं आणि ते गुप्त ठेवण्याचं कबूल केलं होतं. १९६३ साली तिथे एक शिफ्ट सुपरवायझर पाच वर्षांच्या करारावर लागला, नऊ महिने शिकला, आणि पुढच्याच वर्षी कोट्याच्या राजस्थान रेयॉनमध्ये ५६० रुपयांवर रुजू झाला. प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेलं. जानेवारी १९६७मध्ये कोर्टानं सांगितलं, कराराच्या मुदतीपुरती दुसरीकडे नोकरी करण्यावर बंदी घालता येते, ती धंद्यावरची बेकायदा आडकाठी नव्हे. नोकरी संपल्यानंतरची बंदी आणि नोकरीच्या मुदतीतली बंदी यांत कोर्टानं फरक केला, आणि तो फरक आजही सांगितला जातो.

ताजा निकाल १४ मे २०२५चा, विजया बँकेचा. बँकेच्या एका अधिकाऱ्यानं तीन वर्षं पुरी व्हायच्या आत नोकरी सोडून आयडीबीआय गाठली. बाँडप्रमाणे दोन लाख रुपये निषेध नोंदवून भरले आणि ते परत मिळावेत म्हणून कोर्टात गेला. हायकोर्टात जिंकला, सुप्रीम कोर्टात हरला. निकाल लागल्यावर नोएडाच्या सेक्टर ६२-६३मधल्या छोट्या कंपन्यांत बाँडची कागदं पुन्हा झटकली गेली. ‘बघा, सुप्रीम कोर्टानंच सांगितलंय.’ पण कोर्टानं काय सांगितलं ते नीट वाचायला हवं. सरकारी बँकेला एक जागा भरायची तर जाहिरात, परीक्षा, खुली स्पर्धा हे सगळं पुन्हा करावं लागतं, त्याचा खर्च मोठा आहे, आणि त्या हुद्द्याच्या पगाराच्या मानानं दोन लाख अवाजवी नाहीत, असा तो युक्तिवाद आहे. पंधरा दिवस यूट्यूबवरची जावा शिकवून बावीस वर्षांच्या पोराकडून दीड लाखाचा बाँड आणि मूळ मार्कशीट ठेवून घेणाऱ्याला तो युक्तिवाद आपसूक लागू होत नाही. १८७२च्या करार कायद्याचं कलम ७४ भरपाई ‘वाजवी’ असावी म्हणतं. कागदावर लिहिलेला आकडा ही कमाल मर्यादा आहे, तेवढी वसुली करायचा परवाना नव्हे. परभणी-लातूरकडच्या मुलांना हे कोणी सांगत नाही. त्यांच्या घरी कोर्टाचं पाकीट येणं म्हणजेच शिक्षा असते, निकाल काहीही लागो. त्यामुळे ती मुलं नोकरी सोडून जातच नाहीत. पगार वाढत नाही, काम आवडत नाही, तरी तीन वर्षं त्याच खुर्चीत. शिकवण्यानं माणूस मोकळा व्हायला हवा होता.

शिकवल्याचा उपयोग झाला का, हे मोजायची पद्धत आमच्याकडे आहे. विस्कॉन्सिनचे डोनाल्ड कर्कपॅट्रिक यांनी १९५९ साली चार पायऱ्या सांगितल्या: कोर्स आवडला का, काही शिकला का, कामावर वागणं बदललं का, आणि धंद्याला काही फरक पडला का. जगभर हीच शिडी शिकवली जाते आणि जवळजवळ सगळे पहिल्या पायरीवर थांबतात. त्या कागदाला आमच्यात ‘हॅपी शीट’ म्हणतात. जेवण चांगलं असेल आणि तुम्ही चार वाजता सोडलं असेल, तर पाचपैकी साडेचार कुठे गेले नाहीत. तिसऱ्या पायरीसाठी सहा महिन्यांनी जाऊन बघावं लागतं. तोवर आर्थिक वर्ष बदललेलं असतं आणि तो कोर्स लावणारा मॅनेजरही.

मोजणी तासांवर आली की काय होतं, ते एका ऑनलाइन पोर्टलवर मी जवळून पाहिलंय. वर्षाला चाळीस तास सक्तीचे. लोक रात्री व्हिडिओ म्यूट करून लावून ठेवायचे आणि शेवटच्या प्रश्नांची उत्तरं व्हॉट्सअ‍ॅपवर फिरायची. अहवालात कंपनी ‘शिकणारी संस्था’ ठरली. केंद्र सरकारचं ‘मिशन कर्मयोगी’ याहून कितीतरी मोठं आहे. सप्टेंबर २०२० मध्ये मंजुरी, पाच वर्षांसाठी ५१०.८६ कोटी रुपये, डोळ्यांसमोर सुमारे ४६ लाख केंद्रीय कर्मचारी. ऑक्टोबर २०२४ मध्ये ‘राष्ट्रीय शिक्षण सप्ताह’ झाला, तेव्हा प्रत्येकाला निदान चार तास शिकण्याचं लक्ष्य दिलं होतं. लक्ष्य तासांत असलं की चार तास होतात. खिडकीपलीकडे उभ्या असलेल्या म्हाताऱ्याची पेन्शन लवकर निघते का, हे मोजणं त्या मानानं फार कटकटीचं.

सरकारी कौशल्य योजनांबद्दल थोडक्यातच लिहिते, कारण त्यांच्यावर लेखापरीक्षकांनीच सविस्तर लिहिलंय. प्रधानमंत्री कौशल्य विकास योजनेवरचा ‘कॅग’चा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेत मांडला गेला. तपासलेल्या नोंदींपैकी ९४.५३ टक्के ठिकाणी लाभार्थ्याच्या बँक खात्याच्या जागी शून्य, ‘लागू नाही’ किंवा कोरी जागा होती. अल्पमुदतीचे कोर्स करून सर्टिफिकेट मिळालेल्यांपैकी कामाला लागलेले ४१ टक्के. पीएम इंटर्नशिपचं चित्र वेगळं, पण धडा तोच. ऑक्टोबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या पहिल्या फेरीत कंपन्यांनी १ लाख २७ हजार संधी जाहीर केल्या. ८२ हजारांवर ऑफर गेल्या, सुमारे २८ हजार स्वीकारल्या गेल्या, आणि प्रत्यक्ष रुजू झाले ८,७००च्या आसपास. महिन्याला पाच हजार रुपये, वर्षभर. गुडगावात तेवढ्यात पीजीमधली धड खाट मिळत नाही. मुलं आळशी आहेत असं ज्यांना वाटतं, त्यांनी सिकंदरपूरला एकदा भाड्याची चौकशी करून यावं.

माझ्या ब्लू लाइनवरच पुढे करोल बाग आणि राजेंद्र प्लेस ही स्टेशनं लागतात. तिथे उतरून ओल्ड राजेंद्रनगरच्या गल्लीत शिरलं की कानावर मराठी पडतं, चहाच्या टपरीवर, झेरॉक्सच्या दुकानात. महाराष्ट्र सरकारच्या बार्टी, सारथी, महाज्योती या संस्था निवडक मुलांना यूपीएससीच्या तयारीसाठी दिल्लीत क्लासची फी आणि विद्यावेतन देतात. एरवी ज्यांच्या घरून दिल्लीचं भाडंही निघालं नसतं, अशी मुलं त्यामुळे इथे पोचली. कोण शर्यतीत उतरतं हे या योजनांनी बदललं, आणि ते मी मोलाचं मानते. पण जागांचं गणित बघा. २०२४च्या नागरी सेवा परीक्षेला ९ लाख ९२ हजार ५९९ अर्ज आले. पूर्वपरीक्षेला बसले ५ लाख ८३ हजार २१३. मुख्य परीक्षेला पात्र ठरले १४,६२७. मुलाखतीपर्यंत पोचले २,८४५. निवड झाली १,००९ जणांची. कितीही विद्यावेतनं वाढली तरी शेवटचा आकडा क्लास ठरवत नाही. मुलाखतीपर्यंत जाऊन हुकलेल्यांची माहिती नोकरी देणाऱ्यांना दाखवायला आयोगानं ‘प्रतिभा सेतू’ सुरू केला आहे, तो चांगलाच आहे, पण त्याच्या दाराशी पोचायलाही आधी ती मुलाखत गाठावी लागते.

परभणीकडचा एक मुलगा मला गणपतीत भेटला, तेव्हापासून अधूनमधून घरी जेवायला येतो. हुशार, मोजकं बोलणारा. विद्यावेतनाची मुदत कधीच संपली. आता तो एका क्लासच्या टेस्ट सिरीजच्या उत्तरपत्रिका तपासतो, कॉपीमागे ठरलेल्या दरानं. त्याच्या खोलीतले तिघं असंच काहीतरी करतात: एक नोट्स टाइप करतो, एक चालू घडामोडींच्या पुस्तिका लिहितो. ‘ताई, इथं नापास झालेल्यालाबी काम मिळतं बघा, पण पास होऊ पाहणाऱ्यांच्या जिवावर,’ असं तो हसत म्हणाला. या अर्थव्यवस्थेचं इतकं नेमकं वर्णन मी कुठल्या अहवालात वाचलं नाही. आणि ही अर्थव्यवस्था तळघरापर्यंत गेली होती. २७ जुलै २०२४च्या संध्याकाळी ओल्ड राजेंद्रनगरातल्या एका क्लासच्या तळघरातल्या लायब्ररीत पावसाचं पाणी शिरलं आणि तिघं विद्यार्थी बुडून गेले. त्याच्या आदल्या वर्षी, जून २०२३ मध्ये, मुखर्जीनगरात क्लासच्या इमारतीला आग लागली तेव्हा मुलं दोरांवरून खिडक्यांतून उतरली होती. एका जागेमागे इतके जण धावतात, तेव्हा त्यांना बसायला तळघरही भाड्यानं देता येतं.

कॉर्पोरेट जगात हल्ली एक वाक्य फार चालतं: तुमचं करिअर तुमच्याच हातात. मीही ते स्लाइडवर लिहिलंय. ऐकायला मोकळं वाटतं. पण त्यामुळे जबाबदारीची जागा गुपचूप बदलते. आम्ही कोर्स दिले, पोर्टल दिलं, मेंटॉर दिला. तरी तू मागे पडलास, तर तो तुझा दोष. जुलै २०२५ मध्ये टीसीएसनं सुमारे २ टक्के, म्हणजे १२ हजारांवर माणसं कमी करण्याचं जाहीर केलं. त्या वेळी प्रमुखांनी कारण सांगितलं ते कौशल्यांचा मेळ न बसण्याचं आणि काही जणांना नव्या कामावर बसवता न आल्याचं. त्याच सुमारास कंपनी सांगत होती, साडेपाच लाख लोकांना एआयचं प्राथमिक शिक्षण दिलंय. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात, आणि त्याचंच मला वाईट वाटतं. पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत तेव्हा पन्नाशीच्या आतबाहेरच्या माणसांनी रात्री जागून सर्टिफिकेटं गोळा केली. काम कमी होत असेल तर सर्टिफिकेटांनी ते वाढत नाही.

वर चढायला मॅनेजरकीचा एकच जिना ठेवला की आणखी एक घोटाळा होतो. लॉरेन्स पीटर आणि रेमंड हल यांनी १९६९ साली ‘द पीटर प्रिन्सिपल’मध्ये विनोदानं लिहिलं होतं की माणसाला बढती मिळत जाते ती त्याला जमणार नाही त्या पायरीपर्यंत. पन्नास वर्षांनी, २०१९ साली, अमेरिकेतल्या विक्री खात्यांचे आकडे तपासून तिघा अर्थशास्त्रज्ञांनी दाखवलं, की उत्तम विक्रेत्यालाच मॅनेजर करायची सवय कंपन्यांना महाग पडते. विक्रेता जातो आणि मॅनेजर साधारणच मिळतो. आमचे कार्यक्रम या जिन्यावर लोकांना ढकलतात. ज्याला चांगला वेल्डर, चांगला टेस्टर, चांगला हिशोबनीस म्हणूनच म्हातारं व्हायचंय, त्याच्यासाठी आमच्या पुस्तिकेत पान नसतं.

आता कुठली कंपनी बोलावते तेव्हा मी पहिल्याच बैठकीत विचारते: येत्या दोन वर्षांत जागा किती रिकाम्या होणार? बहुतेक ठिकाणी एचआरवाली मुलगी फायनान्सकडे बघते, फायनान्सवाला छताकडे. मग मला सांगतात, ‘मॅडम, आप कंटेंट भेज दो.’ ओखल्याच्या एका मध्यम कारखान्यात मात्र मालकानं तिथल्या तिथे सांगितलं: सुपरवायझरच्या दोन. मग तीसऐवजी सहाच जण घेतले. पहिल्या दिवशी त्यांना सरळ सांगितलं की जागा दोन आहेत, उरलेल्या चौघांना या कोर्समधून बढती मिळणार नाही. ज्याला नको त्यानं आत्ताच सांगावं, नावापुढे काही शेरा पडणार नाही. बाँड नाही, मुक्काम नाही, दुपारी दोन ते पाच. दोघांनी नावं मागे घेतली. त्यातला एक सीएनसी मशिनवरचा जुना कारागीर. त्याला सुपरवायझर व्हायचंच नव्हतं. त्याला मशिनवरच राहायचं होतं, फक्त पगाराची श्रेणी वरची हवी होती, आणि कामावर लागलेल्या नव्या पोरांना शिकवायचे पैसे वेगळे. मालकानं आठवडाभर टाळाटाळ केली, मग दोन्ही दिलं.